धरणाकाठची आणि गावाकडची जमीन: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मावळ-मुळशी पट्ट्यात जमिनीचे व्यवहार जुळवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. रोज निदान चार फोन येतात आणि त्यातले तीन तेच प्रश्न घेऊन येतात. काही विचारणारे जागा घेणारे असतात, काही विकणारे. अलीकडे बरीच पोरं असतात, ज्यांना हा धंदा करायचा आहे. फोनवर अर्धवट उत्तर दिलं की माणूस त्याचा सोयीचा अर्थ काढतो. म्हणून एकदा बसून सगळं लिहिलं.

तुम्ही दलाल, एजंट की कन्सल्टंट?

गावात दलाल, शहरात एजंट, कार्डावर प्रॉपर्टी कन्सल्टंट. काम एकच. कुणी 'दलाल' म्हटलं तर मला राग येत नाही. राग येतो तो 'नुसती जागा दाखवायचे पैसे कसले?' या वाक्याचा. जागा दाखवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. बाकीचे सहा महिने तलाठी कार्यालय, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, वकिलाचं ऑफिस आणि विकणाऱ्याच्या घरची ओसरी यांच्यात जातात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे, पण गावात अजून कुणाच्या तोंडात ते बसलेलं नाही. माझ्याही नाही.

या धंद्यात कसे आलात?

जीप चालवायचो. लोणावळ्याहून पवना धरणाकडे पर्यटक न्यायचं भाडं मारायचो. एका भाड्यातल्या गृहस्थांनी काठावर उभं राहून विचारलं, 'इथे जागा मिळेल का हो?' चहाच्या टपरीवर चौकशी केली, तर टपरीवाल्याच्या चुलत्यालाच विकायची होती. घेणारे मूळचे बारामतीकडचे शेतकरी, विकणारा एकटा मालक, सातबारा स्वच्छ. दीड महिन्यात खरेदीखत झालं आणि माझ्या हातात एक पाकीट आलं. जीपच्या चार महिन्यांच्या कमाईएवढं. मला वाटलं, हे फारच सोपं आहे. जीप विकून टाकली.

त्यानंतर पावणेदोन वर्षं एकही सौदा झाला नाही.

एजंट व्हायला परवाना लागतो का?

दोन उत्तरं आहेत. रेरा, म्हणजे घरं-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा, २०१६ चा. नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट किंवा प्लॉट विकायचे असतील तर महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी हवीच. वैयक्तिक नोंदणीची फी १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं. आता त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते. नोंदणी नसताना असे प्लॉट विकले तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

पण एका शेतकऱ्याची शेतजमीन दुसऱ्या शेतकऱ्याला विकण्याचा सौदा जुळवायचा असेल, तर तो रेराचा प्रकल्प नसतो. त्यामुळे तिथे कसलीच परीक्षा नाही. म्हणून या भागात सलूनवाला, जेसीबीवाला, वडापाववाला, माजी सरपंच सगळेच एजंट आहेत. मीही त्यातूनच आलो, त्यामुळे नाक मुरडायचा मला हक्क नाही. तरी माझं मत असं की परीक्षेची गरज खरी याच व्यवहारांना होती. फ्लॅटचे कागद निदान एका जागी सापडतात.

कमिशन किती आणि कोण देतं?

रूढी अशी की दोन्हीकडून एक ते दोन टक्के. कायद्यात आकडा नाही. भानगड होते ती साखळीमुळे. पुण्यातला एक जण पार्टी, म्हणजे जागा घेणारा, आणतो, तो तळेगावच्या एकाला सांगतो, तो मला, मी गावातल्या एकाला, आणि त्याच्या मेव्हण्याच्या शेजाऱ्याची जमीन असते. मधली माणसं पाच, टक्के तेवढेच. मग कुणीतरी भाव फुगवतो. शेतकऱ्याला एक आकडा, पार्टीला दुसरा, मधला फरक खिशात. या प्रकाराला आमच्याकडे 'वरचे' म्हणतात. 'वरचे किती ठेवलेत?' असा सरळ प्रश्न एजंट एकमेकांना विचारतात.

मी वरचे घेत नाही. साधूपणा वगैरे काही नाही. मालक आणि पार्टी निबंधक कार्यालयात शेजारी बसतात, चहा पितात, बोलतात, आणि आकडा कधी ना कधी बाहेर येतोच. पुढे त्या गावात पाय ठेवायची सोय राहत नाही.

'लेक टच' प्लॉट म्हणजे काय?

म्हणजे जाहिरात. खुलासा मोठा आहे, पण जागेपेक्षा आधी तोच समजून घ्यायला हवा.

महाराष्ट्रात नैसर्गिक सरोवर म्हणावं असं लोणारसारखं क्वचितच. आपण ज्याला लेक म्हणतो ते धरणाचं पाणी. धरण बांधताना बुडणारी जमीन संपादित केली जाते आणि ती नेमकी पाण्याच्या रेषेवर थांबत नाही, थोडी वर चढते. मुळशी, वळवण, शिरोटा या जुन्या धरणांची अशी जमीन वीज कंपनीकडे आहे. पवना, पानशेत, वरसगाव, उजनी यांची जलसंपदा विभागाकडे. त्या संपादनाच्या रेषेवर हद्दीचे दगड रोवलेले असतात. काही गवतात गाडले गेलेत, काही कुणी उपटून बांधावर घातलेत, पण नकाशावर ती रेषा असते. तुमची खरेदी त्या दगडाच्या अलीकडे संपते. दगडापासून पाण्यापर्यंतची पट्टी तुमची नाही. तिथून पाण्यापर्यंत चालत जायला कुणी अडवत नाही, एवढ्यावर 'टच' हा शब्द उभा आहे. उद्या तिथे कुंपण पडलं तर तक्रार करायला तुमच्या हातात कागद नसतो.

आता दुसरी गोष्ट, पाणी जागेवर राहत नाही. धरण भरतं पावसाळ्याअखेरीस. तेव्हाची पातळी म्हणजे पूर्ण संचय पातळी. दिवाळीच्या सुट्टीत पार्टी येते ती हेच पाणी बघून. पुढे वीज, शेती, शहराचं पिण्याचं पाणी यासाठी ते सोडत जातात आणि मे महिन्यात तळाशी येतं. पातळी किती फूट उतरली हे वर्तमानपत्रात येतं, पण काठावरच्या माणसाला त्याचा खरा अर्थ उतारावरून कळतो. जमीन तीस फुटांना एक फूट अशी सपाट उतरत असेल आणि पाण्याची पातळी दहाच फूट खाली गेली, तर पाणी तुमच्यापासून तीनशे फूट लांब जातं. वीस फूट गेली तर सहाशे. मध्ये उरतो तो भेगाळलेला काळा गाळ, बुडालेल्या झाडांचे बुंधे, आणि काही ठिकाणी जुन्या गावाच्या जोत्यांचे दगड. म्हणून सपाट काठापेक्षा तीव्र उताराच्या काठावर पाणी जास्त दिवस जवळ राहतं. पण तिथे बांधकाम अवघड. दोन्ही एकत्र मिळत नाही.

या उघड्या पडलेल्या जमिनीला गाळपेर म्हणतात. ती वर्षापुरती भाड्याने कसायला देण्याची पद्धत जुनी आहे. त्यामुळे तुमच्या स्वप्नातल्या निळ्या पाण्याच्या जागी मार्चमध्ये कुणीतरी कलिंगडं लावलेली असतील, आणि तो माणूस अतिक्रमण करत नसून रीतसर पैसे भरून बसलेला असू शकतो. एका पार्टीने अशा माणसाला 'माझ्या व्ह्यूमधून बाजूला हो' म्हणून दम दिला होता. तो शांतपणे म्हणाला, 'साहेब, पाणी आलं की जातो.'

म्हणून मी प्रत्येकाला जागा दोनदा दाखवतो. एकदा ऑक्टोबरात, एकदा मेमध्ये. दोनदा यायची तयारी नसेल तर निदान मेमध्ये या.

मग काठावर छोटी जेट्टी, बोट, पाण्याचा पंप?

जमीनच तुमची नाही, तर जेट्टी कुठे बांधणार? धरणातून पाणी उचलायला संबंधित विभागाची परवानगी लागते. शेजाऱ्याने पंप टाकलाय ही परवानगी नव्हे. विहीर किंवा बोअर स्वतःच्या हद्दीत. आणि धरण समोर आहे म्हणून बोअरला पाणी लागेलच असं नाही. सह्याद्रीत खाली काळा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांतून फिरतं. धरणाकाठी कोरडी गेलेली बोअर मी स्वतः पाहिली आहे.

मी शेतकरी नाही. मला शेतजमीन घेता येईल का?

पश्चिम महाराष्ट्रात लागू असलेल्या १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असल्याशिवाय. विदर्भ आणि मराठवाड्याचे कायदे वेगळे, पण सूर तोच. राज्यात कुठेही तुमच्या नावावर शेतजमीन असेल तर तुम्ही शेतकरी. नसेल तर बिगरशेती झालेला प्लॉट घ्या. अनिवासी भारतीयांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते.

'आम्ही शेतकरी दाखला करून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. दाखला करून देणारा तेव्हा फोन उचलत नाही.

सातबारा बघितला, मालकाचं नाव आहे. पुरेसं आहे ना?

नाही. सातबारा उघडला की लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि घडी घालतात. मी आधी उजवीकडे बघतो, इतर अधिकारांच्या रकान्यात. घात तिथे लिहिलेला असतो.

'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाला जो कसत होता तो मालक झाला, पण विकण्यावर बंधन आलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा सरकारला भरून ती विकता येते. रक्कम अगदीच किरकोळ निघते, पण ती भरलीच नाही म्हणून अडकलेले व्यवहार मी पाहिलेत. 'कलम ३६अ' किंवा आदिवासी खातेदार असा शेरा असेल तर बिगरआदिवासीने तो विषय सोडून द्यावा. 'पुनर्वसनासाठी राखीव' हा शिक्का धरणांच्या पट्ट्यात फार दिसतो. तो उठल्याचा फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. 'खाजगी वन' किंवा वनसंज्ञेचा उल्लेख असेल तर १९७५ चा कायदा आडवा येतो आणि अशी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी बंधनाखालची जमीन, असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. सोसायटीचा बोजा असेल तर तो त्यातल्या त्यात सोपा, पैसे भरले की उतरतो.

मग फेरफार. सातबाऱ्यावर गोल करून लिहिलेले ते आकडे म्हणजे जमिनीची आठवण. एकेक उतारा काढायचा आणि मागे मागे जायचं. वकील तीस वर्षांचा शोध घेतात. मी जमेल तितका जुना फेरफार वाचतो, कारण एखाद्या भावाचं नाव १९६२ मध्ये 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून लागलेलं असतं आणि बाकीचे तिघे भाऊ कागदावर कधी आलेलेच नसतात. त्यांची नातवंडं मात्र मुंबईत असतात आणि भाव वाढला की त्यांना गाव आठवतं.

बहिणींच्या सह्या लागतातच का? मालक म्हणतो, त्या काही बोलणार नाहीत.

लागतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मापासूनचा आहे हे पक्कं केलं. 'त्या काही बोलणार नाहीत' असं भाऊ म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना विचारलेलंच नसतं.

एका सौद्यात पाच भाऊ आणि दोन बहिणी होत्या. धाकट्या बहिणीकडे मी स्वतः गेलो, भोर तालुक्यात, एसटीने. सत्तरीच्या पुढची बाई. हक्कसोडपत्राचं नाव काढलं तर म्हणाली, 'भावानं पाठवलंय का तुला?' मी म्हटलं, नाही आजी, मीच आलोय. म्हणाली, 'मग सही न्हाई देत. त्यानं यावं. लग्नानंतर तो एकदाबी आला न्हाई.' तिला पैसे नको होते. मोठा भाऊ गेला, दोन दिवस राहिला, आणि येताना तिला घेऊनच आला.

निबंधक कार्यालयात मात्र नवं संकट. अंगठ्याच्या यंत्रावर तिचा ठसा उमटेना. आयुष्यभर भात लावणी, गोवऱ्या, विळा. अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या. ओल्या फडक्याने पुसून बघितला, तेल लावून बघितला, दुसऱ्या हाताचा बघितला. तिसऱ्या बोटावर यंत्र एकदाचं हिरवं झालं. हे माझ्याबरोबर अनेकदा झालंय. तेव्हापासून नोंदणीला जाताना वयस्कर माणसांसाठी एक दिवस जास्त धरतो.

जागेला रस्ता आहे असं कसं समजायचं?

ही माझी दुखरी नस आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

धंद्यातल्या चौथ्या वर्षी मी एका डॉक्टर दांपत्याला पावणेदोन एकर जागा घेऊन दिली. मागे डोंगर, समोर पाणी, मध्ये आंब्याची तीन जुनी झाडं. जाताना शेजारच्या खाचरातून गाडी घातली, मालकच पुढे चालत होता. कुणी हटकलं नाही. मी विचारलं, रस्ता कुठला? मालक म्हणाला, 'हाच की, पिढ्यान्‌पिढ्या जातोय.' मी मान डोलावली. खरेदीखतात एक ओळ टाकली, 'वहिवाटीच्या रस्त्यासह.' झालं.

खरेदीनंतर तीन आठवड्यांनी बोअरची गाडी घेऊन गेलो, तर वाटेत आडवा चर खणलेला. गुडघाभर खोल, ताजी माती. शेजारी बांधावर बसलेला. म्हणाला, 'बैलगाडी जायची ती माझ्या मर्जीनं. ट्रक न्हाई जायचा.' आणि त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद नव्हती, गाव नकाशात तुटक रेष नव्हती. प्रकरण तहसीलदारांकडे गेलं. जुन्या वहिवाटीला कुणी अडथळा केला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ आहे. नवी वाट बांधावरून हवी असेल तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण ते शेतात जायला लागणाऱ्या वाटेसाठी. बंगल्याचं सिमेंट न्यायला नाही. तारखा पडत राहिल्या. शेवटी शेजाऱ्याला बाजारभावाच्या तिप्पट दर देऊन दहा फुटांची पट्टी घेतली, त्यात माझं कमिशन मी परत केलं. त्यांनी मागितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला एकच वाक्य ऐकवलं, 'तुम्ही आम्हाला जागा दाखवली, वाट नाही दाखवली.'

तेव्हापासून रस्ता मी गाव नकाशावर बघतो. नकाशावर पाणंद (शेतांमधली गाडीवाट) किंवा शिवरस्ता (गावाच्या हद्दीवरचा रस्ता) असेल तर ठीक, मग तो जागेवर काट्यांनी भरलेला असला तरी चालेल. नसेल तर ज्याच्या रानातून जायचं त्याच्याकडून नोंदणीकृत हक्क लिहून घ्यायचा, रुंदीसकट. तोंडी परवानगी ही त्या माणसाबरोबर जाते. त्याचा मुलगा बांधील नसतो.

मोजणी करायलाच हवी का? कंपाउंड आहे की.

कंपाउंड कुणी घातलं ते विचारा. सरकारी मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात होतो, भूकरमापक येतो, लगतदारांना नोटिसा जातात आणि शेवटी 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, मिळते. मोजणी खरेदीआधी आणि पैसे मालकाचे, हा माझा आग्रह. निम्म्या वेळा मान्य होतो.

मापातला एक गोंधळ सांगतो. गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये असतो आणि आर म्हणजे साधारण १,०७६ चौरस फूट. गावात दोन्ही एकच समजतात. '४० आर म्हणजे एकर' या हिशोबाने एकरामागे पाचशे चौरस फूट कमी पडतात. एका एकराला कुणाच्या लक्षात येत नाही. दहा एकरांच्या व्यवहारात साडेचार गुंठ्यांवर पैसे गेलेले असतात. शिवाय पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य भाग, वेगळा लिहिलेला असतो, तो भावात धरायचा की नाही हे आधीच ठरवा.

एक-दोन गुंठे मिळतील का?

शेतजमिनीतले नाहीत, बिगरशेती मंजूर प्लॉट असेल तर हो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा लहानात लहान तुकडा, जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे झालं. यातून पळवाट म्हणून अकरा गुंठे दहा जणांच्या नावावर एकत्र घेतात आणि चुन्याने रेषा मारून आपापसात वाटतात. सातबारा सामायिक. उद्या तुम्हाला तुमचा गुंठा विकायचाय तर नऊ जणांचं तोंड बघा. २०२५ मध्ये शासनाने या कायद्यात सवलतीचं पाऊल टाकलं, पण ते सरसकट सगळ्या रानाला लागू असल्यासारखं विकलं जातंय. तुमच्या गट नंबरला लागू आहे का, ते लेखी विचारा.

तिथे बंगला बांधता येईल का?

झोन दाखला काढा, जागा कशासाठी राखलेली आहे ते त्यात कळतं. पुण्याभोवतीच्या बऱ्याच पट्ट्यात पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, कारभार आहे. एकास पाचपेक्षा तीव्र उतार असेल तर डोंगरमाथा-डोंगरउतार म्हणून बांधकामावर फार कडक मर्यादा येतात, आणि चांगला व्ह्यू नेमका तिथूनच असतो. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतोय. गाव त्या यादीत आहे का ते बघा.

थोडी रक्कम रोखीत चालेल का?

माझ्यासमोर नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. विकणाऱ्या शेतकऱ्याचा तर त्यात काही फायदाही नसतो. नगरपालिकेच्या हद्दीपासून लोकसंख्येप्रमाणे दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागतच नाही. मग लपवायचं कशाला? फायदा जागा घेणाऱ्याचा, धोका शेतकऱ्याचा. एका काकांनी रोख मिळालेली रक्कम धान्याच्या कणगीत ठेवली होती. नोटाबंदीनंतर माझ्याकडे आले तेव्हा नोटांना भाताचा वास येत होता.

या धंद्यात कमाई किती होते?

महिन्याची कमाई असा प्रकारच नाही. वर्षात चार-पाच सौदे झाले तर वर्ष चांगलं. पितृपक्षात फोन बंद, दसऱ्याला सुरू, दिवाळीत सगळे जागा बघायला येतात, मार्चमध्ये पैसे नसतात, अक्षय्य तृतीयेला पुन्हा जोर. २०२० च्या टाळेबंदीनंतर शहरातल्या माणसाला अचानक माती हवीशी झाली तेव्हा आम्हाला फुरसत नव्हती. त्यातल्या काहींनी आता त्याच जागा विकायला काढल्यात, गवत माणसाच्या उंचीचं झालंय. घरी बायकोची अंगणवाडीतली नोकरी होती म्हणून माझी पहिली दहा वर्षं निभावली. जो एजंट हे सांगत नाही त्याच्या घरीही बहुतेक अशीच कुठलीतरी पगाराची बाजू असते.

नव्या मुलाने सुरुवात कशी करावी?

एका तालुक्यातली दहाच गावं धर. त्यांचे गाव नकाशे पाठ कर. निदान दोन वर्षं एखाद्या वकिलाच्या ऑफिसात शोध अहवालाची कामं कर, फुकट करावी लागली तरी. सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा) आणि फेरफार वाचता यायला हवा. जुन्या नोंदी मोडीत असतील तर मोडी वाचणारा माणूस माहीत हवा. गाडीत गमबूट, कोयता, टेप, छत्री. रील बनवायला हरकत नाही, पण ड्रोनने दाखवलेल्या जागेत पायी चालून आल्याशिवाय बनवू नको. ड्रोनला बांध दिसत नाहीत.

आणि गावात दहाव्याला, लग्नाला, जत्रेला जावं लागतं. कामापुरता जाणारा ओळखू येतो.

गावाची जमीन शहरवाल्यांना विकताना काही वाटत नाही का?

हा प्रश्न पार्टी कधीच विचारत नाही. माझ्या मुलीने विचारला होता.

मुळशीचं धरण होऊ नये म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला. धरण झालंच. पाणी डोंगराखाली भिऱ्याला वीज करायला जातं. ज्यांची चांगली भातखाचरं खाली बुडाली ते वर वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, रानात सरकले, नाचणी-वरईवर राहिले. आज पार्टीला 'लेक व्ह्यू' म्हणून जे विकलं जातं ते हेच वरचं रान. ज्या पाण्याने आज्याची शेती नेली त्याच पाण्यामुळे नातवाच्या माळाला भाव आलाय. नातवाला विकायचं असतं, दवाखाना असतो, पोराची फी असते. त्याला विकू नको म्हणणारा मी कोण? पण सगळं विकायला आलेल्याला मी घराजवळचे दहा-वीस गुंठे ठेवायला सांगतो. त्यात माझं कमिशन कमी होतं आणि पार्टीही कुरकुरते. राखून ठेवलेली जमीन असली की तो शेतकरीही राहतो, हा कलम ६३ चा हिशोब त्याला पटतो. काही ठेवतात. काही दोन वर्षांनी तेही विकायला येतात.

मुलीला एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे वाटतं.'

सध्या एखादी चांगली जागा आहे का?

एक आहे. एक एकर अकरा गुंठे, वर्ग १, नकाशावर पाणंद आहे, बोजा उतरलाय. एका बहिणीची सही बाकी आहे, तिचा मुलगा गणपतीला गावी येणार आहे. मोजणीची तारीख त्याच्या पुढच्या आठवड्यात लागलीय. 'क' प्रत हातात आली की सांगतो. तोपर्यंत गट नंबर विचारू नका.